कंपनी पियुषच्या हाती

प्रेमिलाबाईंना ऑपरेशनसाठी आत नेलं आणि थोड्याच वेळात त्यांच्या लेकीचा, मेजर अंजू धकातेचा फोन वाजला. सॅटेलाइट फोनचा लांबलचक नंबर होता. वडिलांना बाकावर बसवून ती नागपूरच्या धंतोलीतल्या त्या हॉस्पिटलच्या जिन्यापाशी गेली.

“मॅडम, पियुष बोलून राहिलो.”

कॅप्टन पियुष खापरखेड्याचा, वीज केंद्राच्या कॉलनीत वाढलेला. आफ्रिकेत शांतिसेनेसाठी गेलेल्या अंजूच्या लष्करी इंजिनिअर कंपनीत तो तिच्यानंतरचा अधिकारी होता. आईच्या हृदयाच्या ऑपरेशनसाठी अंजू रजेवर आली, तेव्हा कंपनी तिने त्याच्या ताब्यात दिली होती. एरवी तो तिच्याशी हिंदी-इंग्रजीत बोले. घाबरला की मराठीवर यायचा.

“बोल.”

“नदीपलीकडच्या गावात हत्यारबंद लोकं घुसले. सारं गाव पळत आपल्या कॅम्पच्या गेटवर आलं. बाया, लेकरं, म्हातारे. शांतिसेनेच्या सेक्टर हेडक्वार्टरचा हुकूम आला का कॅम्प सोडा, मुख्य तळावर या. अन् आपल्या बटालियनचे कर्नलसाहेब म्हणते, निघू नका, रस्त्यात गाठतील. मी कोणाचं ऐकू?”

“तू काय केलं?”

“सेक्टरले येतो म्हणून सांगितलं. गाड्या भरून राहिलो. पण मॅडम, आपण निघालो का हे लोकं संपले. तुम्ही म्हणाल ते करतो. सुभेदारसाहेबबी म्हणते, मॅडमले विचारा.”

अंजूला ते शेवटचं वाक्य टोचलं. सुभेदार असं म्हणत असतील, तर कंपनीतला प्रत्येक जवान आत्ता पियुषच्या तोंडाकडे न बघता त्याच्या हातातल्या फोनकडे बघत असणार.

“पियुष, मी इथून हुकूम देणार नाई.”

“मॅडम, पण...”

“ऐक. मले तिथलं काही दिसत नाई. मी थांब म्हटलं, अन् घंट्याभरानं थांबणं चुकीचं ठरलं, तर? तू पुन्हा मले फोन लावशील. नाई लागला तर? गोळी चालू असताना पोरायनं कोणाकडे पाहायचं, तुझ्याकडे का नागपूरकडे? कंपनी तुझ्या हाती हाये.”

पलीकडे कोणीतरी ओरडत होतं, लहान मूल रडत होतं. पियुषचा श्वास ऐकू येत होता.

“मग करू काय?”

“गेटवर लोकं हायेत, हे सेक्टर कमांडरले मालूम हाये का?”

“नाई सांगितलं. हुकूम आला, मी ‘येस सर’ म्हणून टाकलं.”

“मग पहिले ते सांग. कर्नलसाहेब आपल्या देशाचे, आपली रजा, पगार, शिस्त त्यायच्याकडे. पण तिथं कुठं जायचं अन् कुठं थांबायचं, हे सेक्टर ठरवते. तो ब्रिगेडियर दूर नकाशासमोर बसला हाये, त्याले तुझं गेट दिसत नाई. काय दिसते ते सांग. तुले काय करायचं हाये ते सांग, मंजुरी माग. अन् डोळ्यासमोर लोकं मरत असतील तर त्यायले वाचवायचा अधिकार जागेवरच्या अधिकाऱ्याले हाये, हे तुलेबी मालूम हाये.”

“तो नाई म्हणाला तर?”

उत्तर तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं.

“तर तू ठरवशील. जे ठरवशील ते सुभेदारसाहेबाले तुझा हुकूम म्हणून सांगशील. माझं नाव घ्यायचं नाई.”

फोन कटला. ती बाकाकडे जायला वळली.

तिचे वडील ताराचंद मागे येऊन उभे होते. उमरेडला हातमागावर आणि नंतर वाडीच्या गोदामात आयुष्य काढलेला माणूस. लेकीचे बिल्ले शेजाऱ्यांना दाखवताना त्यांची छाती फुगायची. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“तू काहून नाई सांगत वं त्याले? तू त्याची साहेब ना?”

“इथं रजेवर हावो बाबा. आज तोच साहेब.”

“कागदावर असंन. पोरगं मदत मागून राहिलं अन् तू त्याले शाळा शिकवून राहिली.”

वडिलांच्या बोलण्यात खोटं काय होतं, हे तिला त्या क्षणी सांगता आलं नसतं.

तेवढ्यात लिफ्टमधून डबा घेऊन भागीरथाबाई आल्या. पियुषची आई. प्रेमिलाबाईंचं ऑपरेशन आहे म्हणून त्या खापरखेड्याहून मुद्दाम आल्या होत्या. अंजूचा चेहरा बघून त्या वाटेतच थांबल्या.

“आतून काही सांगितलं का?”

“नाई काकू. आई आतच हाये.”

“मग काय झालं?”

खोटं बोलणं सोपं होतं. पण लोकांच्या मोबाइलवर बातमी कधीही आली असती, आणि ती भागीरथाबाईंनी अशा बाकावर एकट्याने वाचण्यापेक्षा अंजूच्या तोंडून ऐकलेली बरी.

“पियुषच्या कॅम्पपाशी गडबड हाये. आत्ताच बोलला तो. त्याले काही झालं नाई.”

भागीरथाबाईंनी डबा खाली ठेवला. “त्याले म्हणा, निघ तिथून.”

“तसं नाई म्हणता येत मले.”

“काहून? तुम्ही म्हटलं तर तो एका पायावर येईन. घरी आला का तुमचंच नाव घेते. मॅडम असं म्हणते, मॅडम तसं म्हणते. लावा फोन. तुमच्यानं होत नसंन तर मी सांगीन त्याले.”

त्यांनी फोनला हात घातला. अंजूने तो छातीशी धरला.

“काकू, आत्ता त्याले तुमचा आवाज ऐकवला, तर त्याचं लक्ष तुमच्याकडे लागंन. त्याच्यामागं जवान हायेत, गेटवर गाव हाये.”

“मले एकच हाये,” भागीरथाबाई म्हणाल्या.

तिघंही बाकावर बसले. कोणी कोणाकडे बघेना. नर्स येऊन रक्ताच्या पिशवीचं काहीतरी विचारून गेली, ताराचंद तिच्यामागे गेले. अंजूने फोन मांडीवर उलटा ठेवला, पुन्हा सुलटा केला. आईसाठी देवाला काही म्हणावं असं मनात आणलं की डोळ्यांसमोर ते गेट यायचं.

फोन वाजला. पियुषच होता. या वेळी तो भराभर बोलत होता.

“सेक्टर पहिले नाई म्हणाला. मी म्हटलं, सर, मी या लोकायले सोडून निघू शकत नाई, माझं नाव लिहून घ्या. मग म्हणाला, थांब, हेलिकॉप्टरनं तुकडी पाठवतो. गेट उघडलं. डोझर अन् डंपर आडवे लावून राहिलो, लोकं त्याच्यामागं बसवले. सांगायले फोन केला. विचारायले नाई.”

“ठीक,” अंजू म्हणाली. आणखी काही म्हणायच्या आत फोन बंद झाला.

भागीरथाबाईंनी विचारलं, “येऊन राहिला?”

“नाई काकू. थांबला.”

त्यानंतरची वाट बघणं सगळ्यांत वाईट होतं. सर्जन बाहेर आले, ऑपरेशन नीट झाल्याचं त्यांनी सांगितलं. ताराचंद त्यांच्या हाताला धरून रडले. अंजू उठून उभी राहिली, मान हलवली, आणि त्याच वेळी फोन पुन्हा वाजला. सुभेदार होते.

“मॅडम, कॅप्टन साब को कंधे में गोली लगी है। होश में हैं। कमान अब मेरे पास है। हेलिकॉप्टर उतर रहा है, फायर रुक गया है।”

“और लोग?”

“गेट पर गाँव के दो आदमी नहीं रहे। बाकी सब अंदर हैं। मैं चलता हूँ, मॅडम।”

त्यांनी तिला काहीच विचारलं नाही.

अंजूने भागीरथाबाईंसमोर गुडघे टेकले आणि जे ऐकलं ते जसंच्या तसं सांगितलं. खांदा, शुद्धीवर आहे, हेलिकॉप्टर आलं. भागीरथाबाईंनी तिचं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगड्या रुतल्या.

“तुम्ही बलावलं असतं तर आला असता.”

“हो काकू. आला असता.”

त्यांनी मनगट सोडलं आणि डबा तिथेच ठेवून त्या जिन्याने उतरून गेल्या.

प्रेमिलाबाई घरी आल्यावर अंजू परत गेली. चौकशी बसली. सेक्टरचा पहिला हुकूम न मानल्याबद्दल पियुषला बरेच प्रश्न विचारले गेले. त्याने प्रत्येक उत्तराची सुरुवात ‘मी ठरवलं’ अशी केली. त्याच्यावर ठपका आला नाही. पण हात खांद्याच्या वर जायचा बंद झाला.

थंडीत सगळी कंपनी मायदेशी परतली. पियुषने अंजूला खापरखेड्याला जेवायला बोलावलं. भागीरथाबाईंनी पाटवड्यांची भाजी केली होती, वाढलंही आग्रहाने. पियुष पाणी आणायला बाहेर गेला तेव्हा त्या तव्यावरून नजर न काढता म्हणाल्या,

“उद्या पुन्हा असंच झालं तर?”

“तरी मी इथून नाई सांगणार, काकू.”

भागीरथाबाईंनी भाकर उलटवली. ती टम्म फुगली. मग ती त्यांनी अंजूच्या ताटात टाकली, आणि पदराने डोळे पुसले.