ओढ्याच्या गल्लीतल्या टिकल्या

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. पण भूगोलाच्या तासाला गुरुजी भिंतीवर टांगतात तसला नव्हे. माझ्यावर ना समुद्र आहेत, ना देश. कोडोलीच्या पुढच्या एका वाडीची एकशे त्रेचाळीस घरं, शाळा, देऊळ, दर्गा, पाण्याची टाकी आणि एक ओढा, एवढंच माझं जग. वाडीच्या आरोग्य उपकेंद्रात औषधांच्या कपाटाशेजारी मी टांगलेला आहे.

माझं कूळ काही मोठं नाही. वाढदिवसाला चौकाचौकांत लागतात ना, त्या डिजिटल फलकांपैकी एकाचा मी तुकडा. माझ्या पाठीवर आजही कुणा भावी सभापतींचा गॉगल आणि निम्मे दात आहेत. वाढदिवस सरला, फलक वैरणीच्या गंजीवर जाऊन पडला, आणि तिथून शालूबाईंनी मला मागून आणलं. शालूबाई म्हणजे वाडीतल्या आशाताई. घरोघरी जाऊन कोण आजारी, कोण गरोदर, याची चौकशी करणं हे त्यांचं काम. शाळेच्या पटांगणात बायकांनी आदल्या दिवशी रांगोळीने सगळी वाडी काढली होती. कुणाचं घर कुठं, नळ कुठं, गटार कुठं, यावरून चांगलीच जुंपली. एका आजोबांना तर आपला गोठाही त्यात हवाच होता. शेवटी जे ठरलं ते शालूबाईंनी जाड पेनाने माझ्या कोऱ्या बाजूवर उतरवलं, गोठ्यासकट.

मग शालूबाईंनी आठवडी बाजारातून टिकल्यांची पाकिटं आणली. गरोदर बाईच्या घरावर तांबडी टिकली, ताप असेल तिथे हिरवी, कावीळ असेल तिथे पिवळी. त्यांची मैत्रीण हुसेनबी ओढ्याच्या गल्लीत राहते. ती हे बघून हसत म्हणाली, "आमच्यात टिकली लावत न्हाईत गं शालू. तू मातर आमच्या घराला लावून मोकळी." मला त्या दिवशी फार छान वाटलं होतं. कोणत्या घरी काय दुखतंय हे बघून पुढच्या वर्षी कुठे काय करायचं ते ठरणार, आणि ते माझ्याकडे बघून ठरणार! तालुक्याच्या सभेत मला नेलं तेव्हा टाळ्या पडल्या. तालुक्याच्या आरोग्याचा कारभार बघणाऱ्या डॉक्टर विश्वजित साहेबांनी माझ्यासोबत फोटो काढला आणि एक नियम सांगितला: माणूस बरा झाला की टिकली काढायची, म्हणजे नकाशा ताजा राहतो.

नियम चांगलाच होता. पण मेलेल्या माणसाच्या टिकलीचं काय करायचं, हे साहेबांनी सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

पहिल्या पावसाळ्यात ओढ्याच्या गल्लीतली बयाबाई काविळीने गेली. तेराव्यानंतर शालूबाई माझ्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. "गेलेल्या बाईची टिकली कशी ठिवू रं देवा," असं स्वतःशीच म्हणाल्या आणि नखाने तिची पिवळी टिकली अलगद सोडवून घेतली. त्यांच्या मनात फक्त माया होती, हे मी शपथेवर सांगतो. पण त्या दिवसापासून ती रीतच पडली. बरा झाला, काढ टिकली. गेला, काढ टिकली. दोघांची घरं माझ्यावर सारखीच कोरी दिसायला लागली.

दुसऱ्या पावसाळ्यात त्याच गल्लीतली दोन माणसं गेली. तिसऱ्यात चार. कुणी आधी काविळीचं झाडपाल्याचं औषध घेऊन बसलं, कुणी दवाखान्याच्या वाटेवरच गेलं. प्रत्येक वेळी ते नख यायचं. बऱ्या झालेल्याची टिकली काढून शालूबाई ती जागा तेलाच्या बोटाने पुसून घेत; गेलेल्याचं घर पुसायला मात्र त्या धजावत नसत, म्हणून तिथली टिकली निघायची, पण तिचा डिंक माझ्या अंगावर राहायचा. टाकीतून आलेला नळ जिथे गटाराखालून गल्लीत शिरतो, त्याच्या आजूबाजूला डिंकाचे हे ठिपके वाढत चालले. मला ते चिकटपण सतत जाणवत होतं. मी ओरडलो असतो, पण नकाशाला तोंड नसतं.

मधल्या काळात सगळी माहिती मोबाइलवर भरायचा हुकूम आला. माझ्यावरून बघूनच शालूबाई आकडे भरत, म्हणून मोबाइलमध्येही ओढ्याची गल्ली कोरीच राहिली. माझ्या एका कोपऱ्यावर कुणीतरी दूध संघाचं कॅलेंडर लटकवलं. माझ्यावर धूळ बसू लागली.

या वर्षी मार्चमध्ये विश्वजित साहेब वर्षाचा आराखडा करायला आले. मिळालेल्या पैशात वाडीत एकाच ठिकाणचा नळ बदलता येणार होता. चौकात पाच पिवळ्या टिकल्या होत्या. ती माणसं आजारी होती, पण जिवंत होती. ओढ्याच्या गल्लीत फक्त एक तांबडी टिकली होती. हुसेनबीची सून सुहाना हिला तिसरा महिना लागला होता.

"ओढ्याची गल्ली एकदम चांगली आहे की," साहेब म्हणाले.

शालूबाई जरा अडखळल्या. "तितं गेल्यात काय माणसं, सायेब. पर ती आता जुनी गोष्ट झाली."

"सध्याचं काय ते सांगा."

"सध्या काय न्हाय."

साहेबांनी लिहून घेतलं. नळ चौकाला मिळाला. त्या क्षणी मला माझाच इतका राग आला की खिळ्यावरून खाली पडावं असं वाटलं.

जुलैत पाऊस लागला. ओढा फुगला, गटार तुंबलं. त्याच आठवड्यात उपकेंद्रात अनुजा नावाच्या नव्या नर्सबाई रुजू झाल्या. पहिल्या दिवशी त्यांनी कॅलेंडर काढून टाकलं आणि ओल्या फडक्याने मला पुसायला घेतलं. फडकं सगळीकडे सरळ फिरलं, पण ओढ्याच्या गल्लीत अडखळलं. बाकीची धूळ निघाली. डिंकावरची निघाली नाही. माझ्या पांढऱ्या अंगावर सात काळे गोल ठिपके उरले.

"मावशी, हे कसले डाग?" अनुजाने विचारलं.

शालूबाई जवळ आल्या. त्यांनी पहिल्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "ही बयाबाई." मग दुसऱ्यावर. "ह्यो आकाराम. ही त्येची भावजय." पुढे त्या एकेक नाव घेत गेल्या आणि आवाज बारीक होत गेला. सातवं नाव घेऊन त्या खुर्चीवर बसल्या. अनुजाने सात ठिपक्यांभोवती पेनाने एक रेघ ओढली. त्या रेघेच्या मधोमध नळ होता, आणि नळाच्या अगदी शेजारच्या घरावर तांबडी टिकली होती.

"ही कोण?"

"सुहाना. सातवा हाय." शालूबाईंचा चेहरा उतरला. "परवापासनं तिला अन्न जाईना म्हनत हुती हुसेनबी. मी म्हटलं, दिवसच तसलं असत्यात."

दोघी छत्री न घेताच पळाल्या. मी खिळ्यावर लटकून दाराकडे बघत राहिलो. संध्याकाळी परत येऊन शालूबाईंनी तांबड्या टिकलीशेजारी पिवळी लावली. सुहानाचे डोळे हळदीसारखे झाले होते. गरोदर बाईला ही कावीळ फार वाईट, असं अनुजा फोनवर कुणाला तरी पुन्हा पुन्हा सांगत होती. गाडी आली आणि सुहानाला कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

चौथ्या दिवशी ओढ्याच्या गल्लीत खोदकाम झालं. नळाचा सांधा सडलेला निघाला, गटाराच्या पाण्यात बुडालेला. फक्त अर्ध्या दिवसाचं काम होतं ते.

सहाव्या दिवशी गाडी परत आली. सुहाना गेली होती, आणि तिचं बाळही.

चाळीस दिवस उलटल्यावर शालूबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मला ती उभं राहण्याची पद्धत ठाऊक होती. नख वर आलं. तेवढ्यात मागून हुसेनबी आत आली. तिने शालूबाईंचं मनगट धरलं.

"न्हाय शालू. काढू नगंस."

"अगं, पर गेलेल्या पोरीची..."

"आमच्यात टिकली लावत न्हाईत, तुला ठावं हाय. पर तिची हितं ऱ्हाऊ दे. पुढल्या सायबाला दिसू दे."

शालूबाईंचा हात खाली आला. दोघी मैत्रिणी माझ्यापुढे रडत उभ्या होत्या. मग अनुजाने काळ्या टिकल्यांचं पाकीट फोडलं आणि शालूबाईंनी एकेक नाव घेत त्या सात डागांवर सात टिकल्या लावल्या. सुहानाच्या दोन टिकल्या होत्या तशाच राहिल्या.

मित्रांनो, आता ओढ्याच्या गल्लीचा नळ नवा आहे. पण मी निश्चिंत नाही. वरच्या गल्लीत या महिन्यात माझ्यावर एकही टिकली नाही. तिथली सगळी खरंच ठणठणीत आहेत, की त्यांना कुणी विचारलंच नाही, हे मला माहीत नाही, आणि पावसाळा अजून सरलेला नाही. तुम्ही मोठे झालात आणि कुणी असा कोराकरकरीत नकाशा तुमच्यापुढे ठेवला, तर "छान आहे" म्हणून पुढे जाऊ नका. त्यावरून एकदा हात फिरवा, आणि बोटाला काही चिकटलं तर त्याचं नाव विचारा.