वाढत्या अंगाचं धनुष्य

नबीलाच्या अंगावरची प्रत्येक वस्तू तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी असायची. शाळेच्या शर्टाच्या बाह्या बोटांवर यायच्या, स्कर्ट घोट्याशी लोळायचा आणि बुटांच्या टोकात कापसाचे बोळे कोंबलेले असायचे. सायकल घेतली तेव्हा तिचे पाय पेडलला पुरत नव्हते. पुरायला लागले तोवर सायकलच गंजली. याला कारण तिची अम्मी, साजिदा. दुकानात कुठलीही वस्तू हातात घेतली की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "याच्यापेक्षा मोठं आहे का?" आणि दुकानदाराने भुवया उंचावल्या की पुढचं वाक्यही ठरलेलं, "वाढतं अंग आहे पोरीचं."

अकरा वर्षं नबीलाने हे मुकाट्याने सोसलं. पण या वेळी प्रश्न धनुष्याचा होता.

दोह्यात, अल गराफातल्या तिच्या शाळेत दर शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी यशोधन सर धनुर्विद्या शिकवायला येत. सर मूळचे नाशिकचे. आठवडाभर ऑफिसात कॉम्प्युटरपुढे गप्प बसायचे आणि ते सगळं साचलेलं बोलणं शुक्रवारी मैदानात ओरडून संपवायचे. थंडी पडली की ते मुलांसाठी 'शिकार' ठेवत. शाळेमागच्या वाळूत फोमचे प्राणी उभे करायचे, ससा, कोल्हा, लांडगा, आणि मुलांनी एकेकाला बाण मारत पुढे जायचं. यंदा त्यात एक हिरवीगार मगर आली होती.

"सर, वाळवंटात मगर कशी?" कुणीतरी विचारलं.

"सेलमध्ये होती," सर म्हणाले. "दुसरं कुणी घेत नव्हतं."

नबीलाला तीच मगर हवी होती. अम्मी चिपळूणची. ती लहान असताना वाशिष्ठीच्या काठी चरणारी तिची लाडकी बकरी, हसीना, एका मगरीने ओढून नेली होती. ही हकीकत घरात जेवताना इतक्या वेळा निघायची, की नबीलाला हसीना आपली सख्खी मावशी वाटे. मावशीचा सूड घ्यायची अशी संधी दोह्यात पुन्हा कधी मिळणार?

अडचण एकच होती. शाळेची धनुष्यं त्या दिवशी लहान वर्गाला दिली जाणार होती. मोठ्यांनी आपापलं आणायचं. आणि जो दोरी पूर्ण ओढून, पाच आकडे मोजेपर्यंत हात न थरथरता धरू शकणार नाही, त्याला शिकारीत प्रवेश नाही.

सरांनी नबीलाला बाजूला घेऊन समजावलं. "हे बघ, स्वस्तातलं घ्यायचं. मधे लाकडी मूठ, वर-खाली दोन पाती, स्क्रूने बसवायची. पात्यांवर आकडा असतो. दोरी ओढायला किती जोर लागेल तो आकडा. तुला सोळा. जास्त नको. चकचकीत जोडण्या तर मुळीच नकोत. पण हातावर बांधायची पट्टी आणि बोटांचं चामडं चांगलं घे. तिथे पैसे वाचवले की हात सुजतो."

"बट सर, अम्मी येणार दुकानात."

शाळेच्या जत्रेत साजिदाने सरांच्याच स्टॉलवर घासाघीस केली होती. सर क्षणभर लांब क्षितिजाकडे बघत राहिले. "अब्बांना पाठव," ते म्हणाले.

अब्बांना पाठवलं, पण अब्बांबरोबर अम्मीही गेली. अब्बा, म्हणजे इम्रान, बिन महमूदमधल्या एका छोट्या ऑफिसात हिशेबनीस होते. दिवसभर आकड्यांवर त्यांचा हुकूम चाले, संध्याकाळी घरी कुणावरच चालत नसे.

दुकानातला उसामा भला माणूस होता. त्याने नबीलाला दोन्ही हात पसरून उभं केलं, टेपने माप घेतलं आणि एक सुंदर, सडपातळ धनुष्य पुढे ठेवलं. "सोलह पाउंड. बच्चों के लिए एकदम सही."

"याच्यापेक्षा बडा?" अम्मीने विचारलं.

नबीलाने डोळे मिटले.

"बडा तो है मॅडम, चालीस तक है. लेकिन वो..."

"सोलह का दाम कितना?"

उसामाने सांगितला.

"और चालीस का?"

"दाम सेम है, लेकिन मॅडम, पहले सुनिए..."

पुढचं अम्मीला ऐकूच आलं नाही. सोळा आणि चाळीस एकाच भावात! असा सौदा तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच समोर आला होता.

"साजिदा, सर म्हणाले होते की हलकं..." अब्बांनी तोंड उघडलं.

"सर एकटे आहेत. त्यांना पोरं वाढवायची अक्कल कुठली? यल्ला, चालीसवाला पॅक करो."

"मॅडम, इसका हँडल..."

"खलास!" अम्मी म्हणाली आणि उसामा खलास झाला.

घरी येऊन नबीलाने दोरी ओढली. दोरी दोन बोटं हलली आणि परत जाग्यावर गेली. तिने पाय रोवले, दात आवळले, डोळे वटारले. दोरी अडीच बोटं हलली.

"खात नाय ना नीट," अम्मी म्हणाली.

अब्बांनी बाह्या सरसावल्या. त्यांचा चेहरा आधी गुलाबी, मग बिटासारखा झाला आणि शर्टाचं वरचं बटण उडून भिंतीवरच्या घड्याळावर टणकन आपटलं. त्या संध्याकाळी नेमकी जागी लागलेली तेवढी एकच वस्तू.

मग जेवायला आला अश्फाक मामू, अम्मीचा धाकटा भाऊ. तो बरवा अल बराहात राहायचा, रोज व्यायाम करायचा आणि आखूड बाह्यांचे टी-शर्ट घालायचा. "काय गो, एवढंसं ओढता येत नाय तुम्हाला?" असं म्हणत त्याने एका दमात दोरी कानापर्यंत नेली.

"मामू, सोडू नका!" नबीला किंचाळली. "बाणाशिवाय रिकामी दोरी सोडायची नाही! इट विल ब्रेक!"

"मग काय करू?"

"हळूहळू परत न्या!"

"हळू जमत नाय गो! ती मला नेतेय!"

मामू दिवाणखान्यात पुतळ्यासारखा उभा राहिला. फक्त त्याच्या मिशा थरथरत होत्या. अब्बा मागून त्याचं कोपर धरायला धावले आणि दोघं मिळून खेकड्यासारखे सोफ्याच्या कडेने सरकू लागले. शेवटी अम्मी हात पुसत स्वयंपाकघरातून आली, दोरी मामूच्या बोटांतून काढून घेतली आणि दुधाचं पातेलं गॅसवरून उतरवावं तशी सावकाश जागेवर नेऊन ठेवली.

तिघंही तिच्या हातांकडे बघत राहिले.

"काय झालं?" अम्मी म्हणाली. "तांदळाच्या भाकऱ्या थापते, नारळ खवते मी. तुमच्यासारखी मोबाइल नाय दाबत बसत."

सगळे हसले, पण नबीला हसली नाही. ती धनुष्यावर टपटप रडू लागली. "मी दोन वर्षांनी ओढीन अम्मी. पण शिकार परवा आहे. माझं सगळं नेहमी दोन वर्षांनीच होतं. मला एकदा तरी आत्ताचं काहीतरी दे ना."

अम्मीने पोरीच्या पायांकडे पाहिलं, मग दाराशी ठेवलेल्या बुटांकडे. एका बुटातून कापूस बाहेर डोकावत होता.

दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा दुकानात. उसामाने त्यांना येताना पाहिलं आणि लगेच पाणी प्यायला.

"भैया, वापस लेंगे?" अम्मीने पहिल्यांदाच हळू आवाजात विचारलं.

उसामा खाली वाकला. त्याने एका खोक्यातून पात्यांची एक वापरलेली जोडी काढली, चाळीसची पाती स्क्रू फिरवून सोडवली आणि त्याच मुठीवर ही सोळाची बसवली. नबीलाने दोरी ओढली. दोरी अलगद तिच्या हनुवटीपर्यंत आली.

"ये किसी और बच्चे का था. वो बडा हो गया, तो उसने बडा लिया, ये मुझे सस्ते में दिया. आप भी ऐसे ही करना."

अम्मीचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "मतलब... हँडल वही रहता है? बच्चा बढे, तो सिर्फ पाती बदलो?"

"मॅडम, कल से यही तो बोल रहा हूँ."

अम्मीने ती मूठ दोन्ही हातांत घेतली. आपल्यासारखाच विचार करणारा कुणीतरी या जगात आहे आणि त्याने चक्क धनुष्य बनवलं आहे, हे पाहून तिला भरून आलं. मग ती भानावर आली. "चालीसवाला भी रहने दो," ती म्हणाली. "लगेगा."

शुक्रवारी सकाळी सरांनी पाच आकडे मोजले. नबीलाचा हात हलला नाही. पण बूट वाळूत सरकत होते, म्हणून तिने ते काढून ठेवले आणि अनवाणी निघाली. ससा हुकला. कोल्हाही हुकला. लांडग्याच्या कानाजवळून बाण गेला, पण लांडगा दचकलासुद्धा नाही. मगरीसमोर ती थांबली. पहिला बाण वाळूत. दुसरा मगरीच्या डोक्यावरून पलीकडे.

"हसीनाला आठव गो!" मागून अम्मी ओरडली.

तिसरा बाण शेपटीत लागला. शेपटीच्या अगदी टोकाला, पण शेपटीसुद्धा मगरीचीच होती. नबीलाने अशी काही आरोळी ठोकली की सरांचा चहा सांडला.

नंतर सरांनी गमतीने पालकांना बोलावलं. अब्बा शर्टाचं बटण चाचपत मागे सरले. अम्मीने पर्समधून चाळीसची पाती काढली, स्वतः स्क्रू आवळले, सरांनी दाखवलं तशी उभी राहिली, आणि बाण मगरीच्या पोटात घुसला, बरोबर जिथे हसीना गेली होती तिथे. तो उपसायला सर, अब्बा आणि मामू असे तिघं लागले.

घरी जाताना अम्मीने गाडी बुटांच्या दुकानापाशी थांबवायला लावली. नबीलाला स्टुलावर बसवून तिने दुकानदाराला सांगितलं, "हिच्या मापाचे द्या. बरोबर मापाचे."

नबीलाचा कानांवर विश्वास बसेना. तिने बूट घातले, चालून पाहिलं. बूट तिच्याबरोबरच चालले.

अम्मीने वाकून अंगठ्यापाशी दाबून पाहिलं. बराच वेळ दाबून पाहिलं.

"अर्धा नंबर मोठा आहे का?" तिने विचारलं.