खिडकीत मांडलेल्या नारिंगी बाटलीची कैफियत

मित्रांनो, जरा डोळे मिटा. काचेच्या नळीतून पाणी वाहते आहे असे समजा. ते कुठे वळते, कुठे घुटमळते, दिसते का? नाही ना! ते दाखवायला माझ्यासारखीच लागते. मी चमकणाऱ्या कणांची एक जुनी बाटली आहे. माझा एकेक कण पिठाच्या कणाहूनही बारीक. पाण्यात मिसळून त्यावर लेसरचा हिरवा प्रकाश सोडला, की कण नारिंगी झळकतात आणि कॅमेरा पाण्याची वाट टिपतो.

कारखान्यातून निघाले तेव्हाच माझ्या अंगावर ठसठशीत लिहिले होते: ‘अंधारात, थंड जागी ठेवा. गोठवू नका.’ प्रयोगशाळेतल्या ताई ते कसोशीने पाळत. हृदयात बसवायच्या कृत्रिम झडपेत रक्त कुठे अडेल, हे त्या माझ्या मदतीने शोधत होत्या.

ताई रजेवर गेल्या आणि विभागाचे मोठे सर आले. “काय रंग आहे! पाहुण्यांना दिसू दे की!” म्हणत त्यांनी मला फ्रिजमधून काढून थेट खिडकीत मांडले. मी काय फुलदाणी आहे? आठ दिवस उन्हाने माझी चमक ओरबाडली. पाहुणे नुसते “वा, वा!” करत होते. माझ्या अंगावरची एक ओळ कोणी वाचली असेल तर शपथ!

ताई परतल्या. एक थेंब तपासून मटकन खाली बसल्या. “निम्मी चमक गेली. उद्या शेवटची चाचणी, आणि दुसरी बाटली नाही.”

“एवढं काय त्यात?” सर म्हणाले. “बर्फाच्या कप्प्यात टाका. सकाळपर्यंत टवटवीत होईल.”

टवटवीत! मी काय कोथिंबिरीची जुडी आहे? गोठले की माझ्या कणांच्या गुठळ्या होतात, त्या पुन्हा धड सुटत नाहीत.

त्या दिवशी ताईंबरोबर आलेली त्यांची नऊ वर्षांची भाची मला हातात घेऊन वाचत होती. “मावशी, हिच्यावर लिहिलंय, गोठवू नका.”

“बाळ, मोठ्यांच्या मध्ये बोलू नये,” सर म्हणाले.

“मग मोठ्यांनी वाचावं ना!”

ताई उठल्या. “बरोबर आहे तिचं, सर. उरलेल्या चमकेवर उद्याचं कसंबसं भागेल. गोठली तर सगळंच संपलं.”

तरीही सरांनी हात पुढे केला. मित्रांनो, आम्हा वस्तूंना ओरडता येत नाही. निदान लिहिलेले तरी वाचत जा!

भाचीने मला दिले नाही. तिने मला काळ्या कापडात गुंडाळले, बर्फापासून सर्वांत दूरच्या फळीवर ठेवले आणि फ्रिजच्या दाराला पाठ लावून तिथेच फतकल मारली.