पंखावरची बेचकी

मित्रांनो, मी एक जुने, मुठीत मावणारे भिंग आहे. पितळी कड, कडेला एक पोचा आणि अडकवायला मळकी दोरी. बारीक वस्तू दहापट मोठी करून दाखवणे एवढेच माझे काम. बोलणे मला जमत नाही, आणि त्याचेच आज मला फार वाईट वाटते.

चष्मे बनवणाऱ्या एका कारागिराने मला घडवले. त्याच्याकडून ताईने मला घेतले. ताई आणि तिचा धाकटा भाऊ मिळून एक काचघर चालवत. तिथे ढोबळी मिरचीची रोपे वाढत आणि वीतभर झाली की दुसऱ्या बागायतदारांकडे जात.

रोपांमध्ये पिवळे चिकट पत्रे टांगलेले असत. त्यांवर बारीक माश्या चिकटत. सगळे त्यांना सरसकट चिलटे म्हणत. ताई मात्र रोज सकाळी मला डोळ्याशी धरून एकेक माशी तपासत असे. तिच्याबरोबर मीही शिकले. डासासारखी किडकिडीत, लांब पायांची, पंखावर बेचकीसारखी शीर असलेली, ती बुरशीमाशी. ती ओल्या मातीत अंडी घालते आणि तिच्या अळ्या कोवळी मुळे कुरतडतात. दुसरी करडी, घरातल्या माशीचे धाकटे भावंड शोभेल अशी. ती पानाच्या टोकावर टपून बसते आणि बुरशीमाशीला उडता उडता पकडते. ती शिकारी माशी.

"हिला हात लावायचा नाही," ताई बजावायची. "ही आपली बिनपगारी राखणदार आहे."

पाणी घालणाऱ्या काकू हसायच्या. "ताई, मुंगी शिंकली तरी कळेल हो तुम्हाला!"

ते कौतुक माझेच आहे असे मला वाटायचे.

पुढे ताईच्या मुलीला बाळ होणार होते, म्हणून ताई दोन महिन्यांसाठी तिच्याकडे गेली. जाताना तिने मला भावाच्या हातात दिले.

"रोज बघत जा रे."

"बघतो गं. तू निश्चिंत जा."

त्याने मला दाराजवळच्या खिळ्याला अडकवले आणि तो विसरून गेला. तो मनाने वाईट नव्हता, पण त्याला दम म्हणून नव्हता. काकू त्याला पाठीमागे घाईराव म्हणत.

तिसऱ्या आठवड्यात हवा कोंदटली. पानापानाच्या टोकावर करड्या माश्या दिसू लागल्या.

"केवढ्या झाल्यात या!" भाऊ कपाळाला आठ्या घालून म्हणाला.

"ताईंना एकदा विचारा की," काकू चाचरत म्हणाल्या. "निदान भिंगातून तरी बघा."

"माशीत काय बघायचंय? माशी ती माशी!"

त्याने फवारणीचा पंप पाठीवर घेतला. संध्याकाळपर्यंत पानांवर एकही करडी माशी उरली नाही. भाऊ खूश झाला. मातीतल्या अळ्यांपर्यंत मात्र औषध पोचलेच नव्हते.

चौथ्या दिवशी एक माशी उडत आली आणि माझ्याच काचेवर बसली. किडकिडीत अंग, लांब पाय, पंखावर बेचकी. मग दुसरी आली. मग तर मोजता येईनात. माती ओली असूनही रोपे भर दुपारी माना टाकू लागली.

"पाणी कमी पडतंय," भाऊ म्हणाला, आणि त्याने आणखी पाणी सोडायला लावले.

त्या ओलीत काय वाढते आहे ते मला ठाऊक होते. मी खिळ्यावर लटकून होते. अर्धी रोपे तशीच तीन बागायतदारांकडे गेली.

ताई परतली ती दारातच थबकली. पानांची रिकामी टोके बघून तिचा चेहरा उतरला. तिने मला खिळ्यावरून काढले, बाहीने पुसले. बटाट्याची एक चकती कापून ओल्या मातीवर ठेवली आणि दोन दिवसांनी उचलली. चकतीच्या खाली काचेसारख्या पारदर्शक अळ्या वळवळत होत्या. प्रत्येकीचे डोके काळे कुळकुळीत.

तिने मला भावाच्या डोळ्याशी धरले. तो बराच वेळ बघत राहिला.

"ताई, मी आपल्याच राखणदारांना मारलं गं."

"रडायचं नंतर. रोपं कुठे कुठे गेलीत?"

उरलेल्या रोपांचे सगळे ट्रे दोघांनी पिशव्यांत बांधून नष्ट केले. मग भाऊ मला गळ्यात अडकवून निघाला. दोघा बागायतदारांनी ऐकून घेतले, शिव्या दिल्या आणि रोपे उपटली. तिसरा मात्र आपल्या काचघराच्या दारात उभा राहून हसला.

"एवढ्याशा चिलटांनी काय होतंय? उगाच घाबरवू नका राव."

"काका, एकदाच बघा यातून. हात जोडतो."

"कामं आहेत मला," असे म्हणून त्याने काचेचे दार आतून लावून घेतले.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. कोणी कितीही लहान असो, त्याला शत्रू ठरवण्याआधी नीट बघा. आणि मित्र मानण्याआधीही बघा. भिंग नसले तरी डोळे असतातच.

भाऊ त्या बंद दारापाशी अजून उभा आहे. मी त्याच्या छातीवर आहे. दाराच्या काचेवर, आतल्या बाजूने, लांब पायांचे काहीतरी हळूहळू वर चढते आहे.