ताईचा ताईत

"थांब!" महाराज म्हणाले, आणि यंत्र थांबलं.

यंत्र म्हणजे शिवणयंत्र नव्हे. पत्र्याच्या डब्यांची झाकणं ठोकून काढणारं, हत्तीच्या वजनाचं धूड. त्याचा लोखंडी ठोकळा धाडधाड खाली येत होता आणि प्रत्येक धाडला एक झाकण बाहेर पडत होतं. महाराजांनी डोळे मिटले, भगव्या बाहीतून उजवा हात काढला आणि सरळ त्याच्या जबड्यात घातला. ठोकळा अर्ध्यावरच गप्प झाला.

सगळा कारखाना एका सुरात "आऽऽ" म्हणाला. पॅकिंगमधल्या एका बाईंनी डोळे पुसले. मालकांनी जोरात टाळ्या वाजवल्या, मग प्रसंग टाळ्यांचा नाही हे लक्षात येऊन त्याच टाळीचा नमस्कार केला.

महाराजांनी हात बाहेर काढला आणि बोटं एकेक करून हलवून दाखवली, जणू ती आत्ताच दुकानातून आणली होती.

"लोखंडालाही कान असतात," ते म्हणाले. "बोलणारं माणूस हवं. मी त्याला एवढंच म्हणालो, बाळा, थांब."

हत्तीएवढ्या बाळाकडे सगळ्यांनी कौतुकानं पाहिलं.

"आता बाळाला चालायला सांगतो. चल रे!"

यंत्राच्या मागे उभा असलेला फिटर खाली वाकला, भक्तिभावानं नमस्कार करून उठला, आणि बाळ पुन्हा धाडधाड चालू लागलं. मी हे मनात नोंदवून ठेवलं. मी अनेक भक्त पाहिले आहेत, पण यंत्राच्या मागच्या बाजूला नमस्कार करणारा पहिलाच.

मी मागच्या रांगेत फाइल घेऊन उभा होतो. मी स्वतंत्र लेखापरीक्षण आणि जोखीम सल्लागार आहे. स्वतंत्र म्हणजे मला कोणी नोकरीवर ठेवलेलं नाही. आई शेजाऱ्यांना सांगते, "तो घरीच असतो, पण त्याला कामं असतात." माझं काम असं, की लोकांच्या कारखान्यात जायचं, तिथं काय काय वाईट घडू शकतं ते त्यांना सांगायचं, त्याला तांबडा, पिवळा किंवा हिरवा रंग द्यायचा आणि बिल पाठवायचं. थांबेश्वर महाराजांचं कामही साधारण हेच होतं. फरक एवढाच, की मी पावती देतो.

मला इथं बोलावलं होतं ते ताईमुळे. ताई माझी सख्खी मोठी बहीण, पण सगळा कारखाना तिला ताईच म्हणतो. ती इथल्या जुन्या यंत्रांवरची सगळ्यात मुरलेली कामगार. या जुन्या यंत्रांना दोन हिरवी बटणं असतात, एकमेकांपासून हातभर लांब. दोन्ही एकदम दाबली तरच ठोकळा खाली येतो. म्हणजे ठोकळा खाली येतो तेव्हा माणसाचे दोन्ही हात बटणांवर असतात, आणि म्हणूनच संध्याकाळी ते माणसाबरोबर घरी येतात.

मालकांना हे फार दिवस खुपत होतं.

"अहो सल्लागार, दोन हात बटणांवर म्हणजे दोन हात रिकामटेकडे!" त्यांनी मला केबिनमध्ये समजावलं. "आजपासून बटणं बंद. पायाशी पेडल. पाय दाबेल, हात पत्रा सरकवतील. माल दुप्पट."

"आणि हात आत असताना पाय पडला पेडलवर, तर?"

"ताईत आहे ना." मालकांनी खणातून एक मूठ भरून पितळी ताईत काढले. "महाराजांनी सिद्ध केलेत. हातात बांधला की यंत्र हाताला ओळखतं. आत्ता बघितलंत ना डोळ्यांनी? तुम्ही फक्त तुमच्या तक्त्यात हिरवा रंग भरा आणि सही करा. विमावाल्यांना तेवढं पुरतं. घरचाच माणूस आहात म्हणून तर तुम्हाला बोलावलं."

घरचा माणूस म्हणजे ज्याला नाही म्हणता येत नाही असा माणूस, ही व्याख्या मला ठाऊक होती.

पेडलच्या यंत्रावर सगळ्यात आधी कोण बसणार, हे विचारायची गरज नव्हती. जेवणाच्या सुट्टीत ताई डबा उघडून बसली होती आणि तिच्या उजव्या मनगटावर ताईत चकाकत होता.

"ताई, हे काढ."

"आलास शिकवायला? महाराज म्हणाले, पहिला मान तुमचा. एवढ्या बायकांमधून मला निवडलं त्यांनी."

"मान ठीक आहे गं. हाताचं काय?"

"तुला प्रत्येक गोष्टीत धोकाच दिसतो. लहानपणी जत्रेतल्या पाळण्यात बसायलाही घाबरायचास."

"तो पाळणा नंतर मोडला."

"वर्षभरानं मोडला! आणि आत कोणीही नव्हतं. हे बघ, तू यात तोंड घालू नकोस."

"मी तोंड घालत नाही. तू हात घालू नकोस."

ताईनं डब्याचं झाकण आपटून बंद केलं. ते झाकण तिनंच कधीतरी ठोकलेलं असावं, कारण ते एकदम घट्ट बसलं. मला मात्र जेवण गेलं नाही. हा हात मी जन्मापासून ओळखतो. त्यानं मला अक्षरं गिरवायला शिकवलं आहे आणि कानाखालीही वाजवली आहे. दोन्ही कामं त्यानं बोटं शाबूत असल्यामुळे नीट केली.

सुट्टी संपली. सगळे पुन्हा जमले. महाराज खुर्चीवर बसले होते आणि मालक त्यांच्याशेजारी उभे होते, स्वतःच्याच कारखान्यात पाहुण्यासारखे. ताई तिच्या यंत्राकडे निघाली, तेव्हा मी फाइल वर केली.

"सही करायला मी तयार आहे. पण आधी नमुना तपासणी."

"म्हणजे काय?" मालकांनी विचारलं.

"नियमच आहे. मला जे दाखवलं, ते मी मोजत नाही. नमुना मी निवडतो."

"असा नमुना कुठून आणलास गं, ताई?" मालक पुटपुटले. लोक हसले. पण सही हवी होती, म्हणून ते "करा लवकर" म्हणाले.

आमच्या धंद्यात एवढी एकच शहाणपणाची गोष्ट आहे, बाकी सगळे रंग आहेत. गोदामवाला जी पोती उघडून दाखवतो ती चांगलीच असणार. आपण बोट ठेवू ते पोतं उघडायला सांगायचं, मग त्याचा चेहरा बघायचा. पोत्यापेक्षा चेहऱ्यावरूनच जास्त कळतं.

मी चामड्याचा एक हातमोजा घेतला, त्यात चिंध्या कोंबल्या आणि तो झाडूच्या दांड्यावर बसवला. मोज्याला महाराजांचा ताईत बांधला आणि तो हात महाराजांच्या चालत्या यंत्रात घातला.

यंत्र थांबलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. महाराजांनी हसून मान डोलावली.

"मोज्याचीही श्रद्धा आहे," मी म्हणालो. "फिटरदादा, जरा मागे नमस्कार करा."

यंत्र सुरू झालं. मी ताईत सोडून खिशात टाकला आणि नुसता मोजा आत घातला. यंत्र थांबलं. टाळ्या वाजल्या, पण जरा विचार करून.

फिटरनं पुन्हा नमस्कार केल्यावर मी मोजाही काढला आणि झाडू उलटा करून त्याची केरानं भरलेली बाजू आत घातली. यंत्र अदबीनं थांबलं.

"झाडूवर कृपा झाली!" मागून कोणीतरी ओरडलं.

"झाली तर! सकाळपासून उपाशी आहे तो," मी म्हणालो. "महाराज, या झाडूचं आसन तुमच्या शेजारी लावायचं, की तुमच्या वर?"

आता हसण्याचा आवाज वेगळा होता. महाराजांची मान डोलायची थांबली. मी यंत्राच्या दोन्ही बाजूंच्या खांबांकडे गेलो. दोघांनाही भगवं रेशमी कापड गुंडाळलेलं होतं, पण समोरासमोर एक उभी फट मोकळी ठेवली होती. अंगभर कपडे घालून नेमकी बटणंच उघडी ठेवणारा माणूस एकतर वेंधळा असतो, नाहीतर त्याला काहीतरी बाहेर पाठवायचं असतं. मी कापड ओढलं. आत काचेची पट्टी होती.

"याला किरणांचा पडदा म्हणतात," मी म्हणालो. "या खांबातून त्या खांबात न दिसणारा प्रकाश जातो. मधे काहीही आलं, हात, झाडू किंवा महाराज, की प्रकाश अडतो आणि यंत्र बंद पडतं. पुन्हा सुरू करायचं बटण मागे आहे. आमचे फिटरदादा त्यालाच नमस्कार करतात."

फिटरनं एकदम छताचं निरीक्षण सुरू केलं.

"ते काही असो!" मालक म्हणाले. त्यांच्या डोळ्यांसमोरून दुप्पट माल निघून चालला होता. "यंत्रात काहीतरी असेल. पण ताईतातही शक्ती आहेच. दोन्ही असू शकतं."

"असू शकतं," मी म्हणालो. "म्हणून नमुना मी निवडतो. ताईचं यंत्र. त्याला पडदा नाही. फक्त तुमचं नवं पेडल आहे आणि ताईत."

सगळे ताईकडे बघू लागले. ती मनगटावरचा ताईत धरून उभी होती. मला वाटलं, ती हात घालणार. तिच्या तोंडावर हट्ट होता, आणि तो मी ओळखतो, कारण घरात तो दोघांनाही सारखाच वाटून आला आहे.

"महाराज," ती म्हणाली, "पहिला मान तुम्हीच घ्या की. तुमचा हात तर सिद्ध आहे."

"आज..." महाराज म्हणाले, "आज त्या हाताचं मौन आहे."

ताई त्यांच्याकडून माझ्याकडे वळली. मग तिनं स्वतःचा ताईत सोडला, माझ्याकडून मोजा ओढून घेतला आणि ताईत त्याला बांधला, अगदी गाठ मारून, जशी ती माझ्या बुटांची नाडी बांधायची. मोजा तिनं झाडूच्या काठीनं ठोकळ्याखाली सरकवला, काठी बाहेर काढली आणि पेडलवर पाय दिला.

धाड.

ठोकळा वर गेला. कोणीही आऽऽ म्हणालं नाही. ताईनं काठीनं जे बाहेर ओढलं त्याला पाच बोटं होती, पण ती पापडाहून पातळ होती. मनगटाशी ताईताचं छान गोल झाकण झालं होतं आणि त्यावर कारखान्याच्या झाकणांवर असतात तीच ठसठशीत अक्षरं उमटली होती: "इथून उघडा". ताईत कडेनं उकलला होता. ताईनं तो नखानं उघडून पाहिला. आत काहीही नव्हतं. थोडी हवा असेल, तीही आता निघून गेली होती.

ताईनं आपला उजवा हात डाव्या हातात घट्ट धरला. एवढंच. पॅकिंगमधल्या ज्या बाईंनी डोळे पुसले होते, त्या महाराजांच्या खुर्चीसमोर जाऊन म्हणाल्या, "हात दाखवा हो महाराज. नीट बघून ठेवते. पोलिसांना सांगायला बरं."

महाराजांनी भगवी शाल काढून घडी केली. आत इस्त्रीचा शर्ट होता, खिशाला पेन.

"बाई, मी पूर्वी हेच पडदे विकायचो," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम साध्या माणसाचा झाला. "कारखान्याकारखान्यांत जाऊन यंत्र चालू करायचो, हात घालायचो, थांबवून दाखवायचो. सगळे म्हणायचे, छान आहे, बघू, पुढच्या वर्षी या. या मालकांनीही चहा पाजून हाकललं होतं. एकदा कंटाळून हात घालताना तोंडानं काहीतरी पुटपुटलो, तर समोरचा माणूस पाया पडला. तेव्हापासून फिटरला हाताशी धरून एका यंत्राला पडदा लावतो, तो फुकट दाखवतो आणि ताईत विकतो. बोटं वाचवायचं सामान कोणालाच नको असतं, बाई. सगळ्यांना चमत्कार हवा."

सगळ्यांनी मालकांकडे पाहिलं. मालकांनी दोन्ही हात वर केले. त्या दिवशी कारखान्यात सर्वांत सुरक्षित हात तेच होते.

"मला काय माहीत!" ते म्हणाले. "मी स्वतः फसलोय."

"तुमची बोटं कुठं फसणार होती, मालक?" ताईनं विचारलं. धाडनंतरचं तिचं पहिलं वाक्य हेच.

पोलीस महाराजांना घेऊन गेले. फिटरनं त्याच दुपारी पेडल उपटून काढलं आणि हिरवी बटणं पुन्हा जोडली, यावेळी नमस्कार न करता. मी तक्त्यात तांबडा रंग भरला, कडा सोडून बाहेर जाईपर्यंत. पुढं विमावाल्यांच्या तगाद्यानं मालकांना प्रत्येक यंत्रावर किरणांचे पडदे बसवावे लागले. ते बसवायला आलेल्या माणसाला त्यांनी हळूच विचारलं म्हणे, "याबरोबर मंत्र येतो का?" तो म्हणाला, "येतो. माहितीपुस्तिकेत आहे. पहिलंच वाक्य: वापरण्यापूर्वी वाचा."

मी या प्रकरणातून कोणाला नास्तिक करायला निघालेलो नाही. कोणी कशावर विश्वास ठेवावा हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण विश्वासाच्या बदल्यात कोणी तुमचा हात, औषध किंवा यंत्राची बटणं काढून घ्यायला निघालं, की एक तपासणी कराच. त्यानं दाखवलेला नमुना बघू नका, तुम्ही निवडलेला बघा. ताईत बांधून जे होतं, ते ताईताशिवाय होतं का, ते पाहा. महाराजांनी केलं ते झाडूनं होतं का, ते पाहा. झाडूनंही झालं, तर पाया पडायच्या आधी केर काढून घ्या.

ताई अजून त्याच कारखान्यात आहे, त्याच यंत्रावर. तिनं तो चपटा ताईत बटणांच्या मधोमध तारेनं बांधून ठेवला आहे. नवी मुलगी कामाला आली, की ताई तिला तो दाखवते आणि वाचायला लावते.

"इथून उघडा," मुलगी वाचते.

"काय उघडायचं?" ताई विचारते.

मुलीला कळत नाही. मग ताई तिचे दोन्ही हात धरते, दोन हिरव्या बटणांवर ठेवते आणि म्हणते, "डोळे."