आत्याचा तीनशे वर्षांपूर्वीचा सूर

आम्ही लहानपणी जेवायला कुरकुर केली, की आई म्हणायची, "थांबा, आत्याला गायलाच सांगते." ताटं लख्ख व्हायची. आत्याही आमच्याबरोबर हसायची. तरुणपणी तिला बेसूर म्हणून समूहगानातून काढलं होतं. तेव्हापासून आपल्यावर आपणच आधी हसून घ्यायची सवय तिला लागली होती.

पुढे माझ्या दादाला त्याच्या विद्यापीठाने एक सॉफ्टवेअर घेऊन दिलं. जुन्या काळी वाद्यं कोणकोणत्या पद्धतींनी सुरात लावत, ते सगळं त्यात भरलेलं. गाणं घातलं, की ते कुठल्या काळच्या पद्धतीशी जुळतं ते पडद्यावर उमटायचं. दादाने शेजाऱ्यांची शीळ घातली, दाराची बेल घातली. सगळं मेलं आजच्याच काळातलं! बढतीसाठी काहीतरी शोध लावणं भाग होतं, त्यामुळे दादाचं तोंड एवढंसं झालं. शेवटी त्याच्या हाती लागली आत्याच्या निवृत्तीच्या निरोपसमारंभाची कॅसेट; त्यात ती गायली होती.

"तीनशे वर्षांपूर्वीची लुप्त पद्धत!" तो नाचतच आला. "एक्क्याण्णव टक्के जुळते! आत्या बेसूर नव्हतीच!"

"आणि उरलेले नऊ टक्के?" मी विचारलं.

"ती तिची शैली."

विभागप्रमुखांनी लगेच जाहीर कार्यक्रम ठरवला. आत्या गाणार आणि मागच्या पडद्यावर शोध सिद्ध होणार. आत्याला मात्र घाम फुटला. तिने मला स्वयंपाकघरात ओढलं.

"अगं, निवृत्त झाल्यापासून मी गाणं शिकतेय. वाचनालयात जाते म्हणून सांगते ना, ते हेच. तुम्ही हसाल म्हणून बोलले नाही. बाई म्हणतात, आता जमतंय. पण त्यांना फी मिळते, त्या म्हणणारच. मुद्दाम पूर्वीसारखं गाऊ का गं? तुझ्या दादाचं नुकसान नको."

मला असा राग आला, की हातातली बशी मी आपटलीच. "येतं तसंच गायचं," मी म्हटलं.

कार्यक्रमात विभागप्रमुख आत्याच्या प्राचीन कंठावर इतकं बोलले, की दोघंतिघं पेंगायला लागली. मग आत्या उठली. पहिल्या ओळीला आवाज कापला, दुसरीपासून लागला. तिने डोळे मिटले आणि शेवटपर्यंत मजेत गायली. पडद्यावर अक्षरं आली : आजची पद्धत, नव्याण्णव टक्के.

टाळ्या वाजवाव्यात की नाही, ते कुणाला कळेना. विभागप्रमुख घड्याळ बघू लागले. दादा धावत मंचावर गेला.

"आत्या, असं काय करतेस? कॅसेटमधल्यासारखं म्हण ना!"

"का रे? चुकलं का काही?"

"चुकलं नाही, हीच तर पंचाईत आहे!"

"मग ते पडद्यावर काय लिहिलंय?"

दादा रडकुंडीला आला होता. "लिहिलंय, की तू अगदी सुरात गातेस."

आत्याने माईक काढला आणि त्याच्या तोंडासमोर धरला.

"यात सांग," ती म्हणाली. "तुझी आई मागच्या रांगेत बसलीय."