मिठाचा कातळ

वेल्ह्याच्या वरच्या अंगाच्या धनगरवाड्यात संध्याकाळी गुरं घरी आणावीत ती कोंडाबाईनंच. ती सड्यावर, वरच्या कातळपठारावर उभी राहून हाळी द्यायची आणि साऱ्या वाड्याची गुरं माना वर करून तिच्याकडं निघायची. हा तिचा मान होता. आता तोच मान धाकट्या जावेनं, रत्नानं, मोबाईलमध्ये नेऊन ठेवला होता.

भोरच्या एका संस्थेनं रत्नाच्या गाईंच्या गळ्यात पट्टे बांधले होते. मोबाईलवर रेघ ओढायची. गाय तिथवर आली की पट्टा वाजायचा, तरी पुढं गेली तर बारीक झटका बसायचा. ना कुंपण, ना काठी. बाया रत्नाचं तोंड भरून कौतुक करायच्या आणि कोंडाबाईच्या पोटात दुखायचं. काल आली अन् शहाणी झाली, असं ती चुलीशी पुटपुटायची. आपल्या मोरी गाईला पट्टा मिळाला नाही, हेही तिला डाचत होतं.

संस्थेची माणसं पाहणीला येणार, त्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी सड्यावर गेली. रेघेपलीकडं राखलेलं गवत होतं. त्याच्या कडेच्या कातळावर तिनं मीठ पसरलं. मिठाच्या ओढीनं रत्नाच्या गाई राखणात शिरल्या की जावेचं नाक कापलंच. मग तिनं हाळी दिली.

गुरं धावत आली. पट्टे वाजले, तशा रत्नाच्या गाई जागच्या जागी थांबल्या. मोरीही थांबली. तिच्या गळ्यात काहीच नव्हतं. बाकीच्या थांबतात तिथं थांबायचं, एवढं ती शिकली होती. कोंडाबाईनं घसा बसेपर्यंत हाका मारल्या. मोरी नुसती बघत राहिली.

गुरं रेघेशी गोळा झालेली मोबाईलवर पाहून रत्ना धापा टाकत वर आली. मीठ दिसताच तिला सगळं कळलं. कोंडाबाई भांडायला तयारच होती. पण रत्नानं मोबाईलवर बोट फिरवलं.

"कातळापतुर रेघ सरकवली म्या, बाई. आता बोलवा तुमी. येतील."

रत्ना हसली असती तरी परवडलं असतं. आता गुरं आली, तरी ती रत्नाच्या परवानगीनंच येणार. कोंडाबाईनं हाळी दिली नाही. तिनं मीठ पदरात गोळा केलं आणि उतरून मोरीपाशी गेली. मोरी तिच्या तळहातावरचं मीठ चाटू लागली. एवढ्या वर्षांत गुरांकडं चालत जायची पाळी तिच्यावर आली नव्हती, आणि रत्ना ते बघत होती.